ल्युकचा कोपरा

तेलाला सोन्याचा भाव आला की माणसाला काय काय सुचेल, काही नेम नाही. रियाधबाहेर, जिथे उन्हात चपलेचा तळ चिकटायचा, तिथे एका शेखनं आपल्या कंपनीच्या कॉलनीत चक्क बर्फाचं मैदान बांधलं. ते गोठलेलं ठेवायचं काम नाशिकच्या सुरेश इंजिनीअरकडे, आणि त्यावर आइस हॉकी खेळायला फ्रान्सहून आणलेला रेमी. सुरेशची बायको सुनीता दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन जायची आणि शाल पांघरून रेमीचा सराव बघत बसायची. मुलगा नाशिकला वसतिगृहात. घरी बसून काय भिंतींशी बोलायचं?

खेळ तिला कळत नव्हता. एक काळी रबरी चकती आणि तिच्यामागे काठ्या घेऊन घसरणारे बाप्ये, एवढंच. पण डोळे शाबूत होते ना! चकती डाव्या कोपऱ्यात गेली की रेमी थबकायचा. कुणाला तरी पुढे जाऊ द्यावं तशी जागा द्यायचा.

"तिथे काय साप बसलाय?" तिनं एकदा मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलंच.

रेमी हसला नाही. "ल्युक आहे तिथे," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ."

मग त्यानं सगळं सांगितलं. डोंगरातल्या गावी दोघं एकाच क्लबात खेळायचे. सरावात रेमीनं ल्युकला धक्का दिला, खेळात देतात तसाच, जरा जोरात. पोराचं डोकं कठड्यावर आपटलं. ते उठलंच नाही. पुढे रेमी देशाकडून खेळला, क्लबमागून क्लब बदलले, पण कुठल्याही बर्फावर उतरला की मागून दुसऱ्या स्केटचा आवाज, खर्रर्र, आणि डाव्या कोपऱ्यात ल्युक. कोच चिडायचे. शेवटी कुणी घेईना. वाळवंटात तरी तो येणार नाही, म्हणून त्यानं ही नोकरी धरली.

"पण तुमच्या नवऱ्यानं इथेही बर्फ केला," रेमी म्हणाला. आता शुक्रवारी शेख स्वतः सामना बघणार होता. तो कोपरा टाळला की रेमीचं खलास. त्याचं वय झालेलं, दुसरं कुणी त्याला दारात उभं करणार नव्हतं.

सुनीताला फार वाईट वाटलं. वाईट वाटून गप्प बसणारी मात्र ती बाई नव्हे. दुसऱ्या दिवशी सगळे जेवून लवंडले तशी पदरात मीठ-मोहऱ्या घेऊन ती मैदानावर गेली. रेमीच्या काठीवरून मूठ उतरवली, "आल्यागेल्याची, भुताखेताची" असं पुटपुटली आणि मूठ त्या कोपऱ्यात भिरकावून निघाली. दृष्ट काढून टाकली की मागे वळून बघायचं नसतं, हे माहेरी लहानपणापासून ऐकलेलं. पण मागून आवाज आला, खर्रर्र. तिनं पाहिलं. कोपरा रिकामाच होता.

संध्याकाळी सुरेश कडाडला. "अगं, बर्फावर मीठ? कोपऱ्याची खीर केलीस! इंजिनीअरची बायको ना तू?"

"अहो, त्या बिचाऱ्यासाठी केलं."

पुटपुटत त्यानं मोहऱ्या वेचल्या, खड्डे पाण्यानं भरून पुन्हा गोठवले.

शुक्रवारी रेमी त्या कोपऱ्यात बेधडक घुसला. तीन गोल! शेख उभा राहून टाळ्या वाजवत होता. बायकांना वेगळं बसवलं होतं, त्या काचेआडून सुनीतानंही वाजवल्या, पण तिचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. मीठ टाकलं त्या दुपारपासून तिच्या स्वयंपाकघरात मागून आवाज येत होता. फरशीवर खर्रर्र, आणि घोट्यांना गारवा. घाबरली? पहिल्यांदा घाबरली. मग एका वाटीत जास्तीचा शिरा काढून ठेवू लागली. घरात पोर वावरतंय असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं.

मिठाची गोष्ट सुरेशकडून कळली, तसा शनिवारी रेमी दारात आला. चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, त्याला कुठे पाठवलंत? गोल झाला आणि मी मागे वळलो, त्याला दाखवायला. कुणीच नव्हतं." एवढा थोराड गडी, हमसून हमसून रडायला लागला.

सुनीताच्या घोट्यांशी गारवा होताच. गेला म्हणून सांगावं, सुटला म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तेवढं म्हटलं असतं तर रेमीची नोकरी राहिली असती आणि तिचं घरही भरलेलं राहिलं असतं. पण दुसऱ्याचं पोर ते. त्याला कसं ठेवून घ्यायचं?

"इथेच आहे," ती म्हणाली. मग मागे न बघता मऊ आवाजात म्हणाली, "जा बाळा. दादा न्यायला आलाय."

गारवा तिच्या पायांवरून पुढे सरकला. रेमीनं डोळे पुसले, आणि जाताना वाटेवर डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून चालू लागला.

पुढच्या सामन्यात त्यानं कोपरा टाळला आणि संघ हरला. शेखनं आठवड्यात त्याच्या पासपोर्टवर परतीचा शिक्का मारवला. निघताना रेमीनं गाडीचं मागचं डावं दार आधी उघडलं, जरा थांबला, हळूच लावलं, मग वळसा घालून पलीकडून बसला.

"कुणासाठी थांबला हा?" सुरेशनं विचारलं.

गाडी सुटली. सुनीता घराकडे वळली, आणि या वेळी तिनं मागे पाहिलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "माझं नाशिकचं तिकीट काढा. मला माझ्या पोराकडे जायचंय."