पाचची वेळ

“ताई, त्या दिवशी तुम्ही किती वाजता गेलात?”

काउंटरवर दोन्ही हात ठेवून ती विचारत होती. सकाळचे अकरा वाजले होते. समोरच्या खुर्च्यांवर गुडघेवाले आजोबा, मानेला पट्टा लावलेल्या एक शिक्षिका आणि पाय मुरगळलेला एक कारकून, असे तिघे बसले होते. ही मुलगी कापडाच्या दुकानात कामाला होती. तागे उचलून उचलून तिचा उजवा खांदा धरला होता आणि त्यासाठी ती तीन आठवडे आमच्याकडे येत होती. मी सवयीने रजिस्टर उघडलं. कुणी काहीही विचारलं की माझी नजर आधी रजिस्टरकडे जाते, माणसाकडे नंतर.

“पावणेसातला,” मी म्हणाले. “का गं?”

का ते तिने सांगितलं. चार वाक्यांत आणि हळू आवाजात, कारण मागे लोक बसले होते. डॉक्टरांनी आतून कडी लावली. ती नको म्हणाली, दोनदा म्हणाली. दुखऱ्या खांद्यावरच हात दाबून त्यांनी तिला उठू दिलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाले, सोमवारी ये, अजून दोन बैठका लागतील.

“मी आता तक्रार द्यायला चाललेय,” ती म्हणाली. “तिथं विचारतील, बाहेर कोण होतं म्हणून. तुम्ही नव्हतात एवढंच मला माहितीये.” मग ती उघड्या रजिस्टरकडे बघत राहिली. “चूक माझीच आहे म्हणा. एवढ्या उशिराची वेळ घ्यायलाच नको होती. आईपण तेच म्हणते.”

तिला मला एवढंच सांगायचं होतं, की बाळा, ती वेळ तू घेतली नव्हतीस, मी तुझ्या गळ्यात मारली होती. मी म्हटलं, “पाणी देऊ का?” ती नको म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी गुडघेवाल्या आजोबांना आत पाठवलं.

सांगायलाच बसलेय तर नीट सांगते. आमचं म्हणजे दुखऱ्या सांध्यांना शेक आणि व्यायाम देणारं लहानसं केंद्र. बाहेर काउंटर, आत एक खोली, मधे एक दार. वेळा देणं, फोन घेणं, टॉवेल मोजून धुवायला पाठवणं ही माझी कामं. सगळे मला काउंटरताई म्हणायचे. सोळा वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले आणि तीनच महिन्यांत माझी कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, दुसरीकडे कशाला जाता, मी बघतो की. त्या संध्याकाळी त्यांनी जे केलं ते त्या मुलीच्या चार वाक्यांसारखंच होतं, फक्त खांद्याच्या जागी कंबर. घरी जाऊन मी स्वयंपाक केला. ह्यांचा कारखाना तेव्हा बंद पडलेला, मुलगा दुसरीत. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी काउंटरवर हजर होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमची आई म्हणायची. मी ती इतकी घट्ट झाकली की पुढे उघडायचं म्हटलं तरी जमेना.

माझ्या वाटेला ते पुन्हा गेले नाहीत. पण एकट्या येणाऱ्या तरुण मुलींकडे ते कसे बघतात ते मला कळायचं, आणि मग मी एक युक्ती काढली. अशी कुणी आत असली की सात-आठ मिनिटांनी मी दार वाजवायचे. कधी टॉवेल द्यायला, कधी फोन आलाय म्हणून, कधी बाहेर माणसं खोळंबलीत म्हणून. “बाई, तुम्हाला जरा दम निघत नाही,” डॉक्टर म्हणायचे, हसत म्हणायचे. मीही हसायचे. आपण राखण करतोय, आपल्यामुळे पोरी वाचतायत, असं समजून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे. एकदा पोलीस ठाण्यात गेलं असतं तर राखण करायची वेळच आली नसती, हे सुचत नव्हतं असं नाही. सुचायचं. मी ते उद्यावर टाकायचे.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, “ती कापडवाली आहे ना, तिला पाच देऊ नका. सात द्या. पाचला मला काम आहे.” पाचला त्यांना कसलंही काम नव्हतं. दुपारी मुलीचा फोन आला. तिच्या दुकानाला अर्धी सुट्टी होती, तिने पाचच मागितले. मी म्हटलं, “पाच भरलेत गं. सातला ये.” रजिस्टरमध्ये पाचसमोरची ओळ कोरी होती आणि माझं बोट त्या ओळीवरच होतं. माझा हिशेब असा, की मी आहेच, दार वाजवीन.

पावणेसातला डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, “बाई, तुमचा नवा चष्मा तयार झालाय ना? जा, दुकान बंद होईल. मी लावतो कुलूप.” या माणसाने मला सोळा वर्षांत पाच मिनिटं लवकर सोडलं नव्हतं. जिना उतरताना माझे पाय जड झाले असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी भराभर उतरले. चष्मा छान झाला होता. दुकानदाराने आरसा पुढे धरला तेव्हा सातला पाच कमी होते. धावत परत गेले असते तर पोचले असते. मी भाजी घेतली आणि घरी गेले.

मुलगी तक्रार द्यायला गेली त्याच दुपारी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. बसा म्हणाले. पोलीस येतील, त्यांना सांगायचं की तुम्ही साडेसातपर्यंत बाहेरच होतात, दार नुसतं लोटलेलं होतं, आणि मुलगी हसत बाहेर पडली. मग ते म्हणाले, “तुमच्या यजमानांची मान कुणी बरी केली ते विसरू नका.”

ते खोटं नव्हतं. ह्यांची मान डॉक्टरांनीच बरी केली होती, फुकट, सहा महिने. घरी मी आले तेव्हा हे खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले होते आणि डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम करत होते, हनुवटी डाव्या खांद्याकडे, मग उजव्या. मी म्हटलं, अहो, थोडं बोलायचंय. आधी मुलीचं सांगितलं. मग माझं सांगितलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा ते शब्द तोंडाबाहेर आले आणि मला वाटलं होतं त्याहून ते फार थोडे निघाले. हे ऐकत राहिले. मधेच त्यांचा हात मानेवर गेला आणि त्यांनी तो झटकन खाली घेतला.

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,” ते म्हणाले.

मला वाटलं, संपलं.

“आपण कुठं एवढे शहाणे आहोत?” ते म्हणाले. “चल. मी येतो बरोबर.”

तो व्यायाम त्यांनी पुन्हा कधी केला नाही. मान परत धरली, दुसऱ्या डॉक्टरकडे जा म्हटलं तर जात नाहीत.

ठाण्यात लिहून घेणाऱ्या बाई वयाने माझ्या भाचीएवढ्या होत्या. मी दार वाजवायचे हे मुलीने आधीच सांगितलं होतं. आधीच्या दोन्ही खेपांना वाजलं आणि त्या दिवशी वाजलं नाही, हे तिच्या लक्षात राहिलं होतं. बाईंनी विचारलं, का वाजवायचात? तिथे मला माझं सांगावंच लागलं. दोन तास लागले. हे बाहेर बाकावर बसून होते. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांनी पुरावा कठीण आहे, पण तुमची वेगळी तक्रार होऊ शकते, द्यायची का? मी दिली. सगळे माझ्याशी फार चांगले वागले. कुणी खुर्ची पुढे केली, कुणी चहा आणला. नणंदेने मात्र फोनवर सुनावलं, की या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला. तिचाही मला राग आला नाही. माझ्यावर अन्याय झाला होता, मी धीराने सांगितला होता, आणि त्या धीराची ऊब मला बरी वाटत होती.

फक्त एक गोष्ट मी सांगितली नाही. बाईंनी विचारलं होतं, सातची वेळ कशी ठरली? मी म्हटलं, रजिस्टरमध्ये तशी नोंद आहे. त्यांनी तसंच लिहिलं. माझ्यावर झालेलं सांगायला मला सोळा वर्षं लागली. मी केलेलं सांगायची मात्र अजूनही छाती होत नव्हती. रात्रंदिवस तीच कोरी ओळ डोळ्यांपुढे यायची. मुलगी आत होती तेव्हा मी कुठे होते, तर भाजीवाल्याशी घासाघीस करत. कुंपणानेच शेत खाल्लं, याहून वेगळं काही म्हणता येत नाही.

नोकरी अर्थातच गेली. खटला उभा राहायला दीड वर्ष लागलं. मुलीची साक्ष आधी होती, माझी दुपारनंतर. मी कोर्टाच्या व्हरांड्यात थांबले होते. जेवणाच्या सुट्टीत ती आणि तिची आई बाहेर आल्या आणि समोरच्या बाकावर बसल्या. मुलीने डबा उघडला नाही. तिची आई माझ्याशी कधी बोलत नसे. त्या दिवशीही ती माझ्याशी बोलली असं नाही, भिंतीशी बोलावं तशी बोलली. “त्यांच्या वकिलानं रजिस्टर दाखवलं. पाचची वेळ मोकळी होती म्हणे. मग ही सातला का गेली, असं विचारतो. तीनदा विचारलं.”

“मला आठवतंय तसं मी पाच मागितले होते,” मुलगी म्हणाली. ती आपल्या हातांकडे बघत होती. “पण रजिस्टरात कोरं आहे. मीच सात मागितले असतील. मला आता काही नक्की सांगता येत नाही.”

मी उठले आणि सरकारी वकील बाईंना गाठलं. जिन्याच्या कोपऱ्यात त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. हे आजवर का दडवलंत, म्हणाल्या. आता तुम्ही खोटं बोलणाऱ्या साक्षीदार ठरणार. तुमच्या स्वतःच्या खटल्यात तुमच्या शब्दापलीकडे पुरावा नाही, आणि उद्या त्या शब्दाला कोण विचारणार? तो तर बुडालाच समजा. तुमच्यावरही काही शेकू शकतं. एवढं बोलून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “विचारलं तर काय सांगाल?”

“झालं ते,” मी म्हटलं.

आत गेले तेव्हा मुलगी आणि तिची आई मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. डॉक्टर नवा शर्ट घालून बसले होते. सरकारी वकील बाईंचं विचारून झाल्यावर डॉक्टरांचे वकील उठले. अगदी मऊ आवाजात बोलायचे. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं आणि अक्षर माझंच का ते विचारलं. मी हो म्हटलं. पाचसमोर काय लिहिलंय, म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, कोरं आहे.

“म्हणजे वेळ मोकळी होती. तरीही ही मुलगी सगळी माणसं गेल्यावर सातला आली. स्वतःच्या मर्जीने.”

“तिने पाच मागितले होते,” मी म्हणाले. “पाच भरलेत असं मी तिला सांगितलं. तिला सात द्या, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. सात कशाला, ते मला कळलं होतं.”

वकिलांनी क्षणभर डॉक्टरांकडे बघितलं. मग त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. म्हणजे तुम्ही तिच्याशी खोटं बोललात. हो. पोलिसांपासूनही लपवलंत. हो. कळलं होतं म्हणता, आणि तरी तिला तिथे सोडून चष्मा आणायला गेलात. “गेले,” मी म्हणाले. ते न्यायाधीशांकडे वळले आणि म्हणाले, अशा बाईच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे कोर्टानेच ठरवावं. तिची स्वतःचीही एक फिर्याद याच कोर्टापुढे आहे, तीही ध्यानात घ्यावी.

तेवढ्यात मागून आवाज आला. मोठा नव्हता, पण खोलीत दुसरं कुणी बोलत नव्हतं.

“आई, बघ. मी नव्हते मागितले.”

तिच्या आईने मुलीचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. न्यायाधीशांनी मागच्यांनी शांत राहावं म्हणून सांगितलं. मुलीने एकदा तरी माझ्याकडे बघावं असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. ती बघत नव्हती. वकिलांनी रजिस्टर मिटलं आणि विचारलं, की सगळं माहीत असून इतकी वर्षं मी त्याच माणसाकडे नोकरी केली, हे खरं आहे का.

मी म्हटलं, खरं आहे.