लाल पट्ट्याचं पाकीट

घणसोली गावातल्या आपल्या दुमजली घरात, वरच्या खोलीत, पुतळाबाई तांदूळ निवडत होत्या. दाराखालून एक पाकीट आत सरकलं. वर लाल पट्टा, अग्निशमन दलाचं बोधचिन्ह आणि ठळक अक्षरं : 'धोका. तातडीची सूचना.' पुतळाबाईंना अक्षरं येत नव्हती, चिन्ह येत होतं. मुलगा शिवा त्याच दलात जवान. ते चिन्ह लावलेला त्याचा शर्ट त्या रोज हातानं धुवत. शिवानंच शिकवलं होतं, "आये, ही निशानी दिसली का गॅस बंद कर नि घर सोड. वाचत बसू नको."

वाचत बसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी गॅस बंद केला, कोंबडी काखेत मारली, खालच्या भाडेकरूंना उठवलं आणि सगळ्यांना मैदानात नेलं. तिथं कुणीतरी पाकीट फोडलं. आत उमेदवार राजवर्धन हात जोडून हसत होते. प्रभागाला भ्रष्टाचाराची आग लागली असून ती विझवायला त्यांनाच मत द्यावं, अशी तातडीची सूचना होती.

आठवड्यानं दुसरं पाकीट आलं, पुतळाबाई पुन्हा मैदानात. तिसऱ्या वेळी कोंबडी आपण होऊन दाराकडे चालू लागली.

"पुतळाबाय, उमेदवारापेक्षा तुमच्याच सभा जास्त झाल्या," समोरचा दुकानदार कमळाकर म्हणाला. गल्ली हसली. ही गोष्ट शिवाच्या फायर स्टेशनातही पोचली, आणि तो घरी आला तो तापूनच.

"आये, आता निशानी बघून उठायचा नाय. मी फोन केल्याशिवाय घर सोडायचा नाय."

"आनि खरा कागद आला तर?"

"खऱ्याला मी हाय ना."

पुतळाबाईंनी मान डोलावली. मुलाचं ऐकायची त्यांना सवय होती.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात तळमजल्याचा खांब तडकला. भाडेकरू कामावर गेले होते. कमळाकरनं फोन केला, दलाची गाडी आली. एका जवानानं जिना चढून दार ठोठावलं. आतून कडी होती. त्यानं सूचनेचा कागद दाराखालून सरकवला.

"आजी, लवकर बाहेर या. घर पडतंय."

"हो बाबा, मत देते. जा."

"मत नाही हो, आजी. खरंच पडतंय."

"माझ्या पोराचा फोन आला का येते."

"पोरगा कोण तुमचा?"

"शिवा. तुमच्याच खात्यात हाय."

शिवा तेव्हा पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची आग विझवत होता. फोन गाडीत होता. जवानानं वायरलेसवर शिवाला आईला फोन करायचा निरोप धाडला आणि दाराला खांदा लावला. त्याच वेळी स्लॅब खाली आला. जवानाचा हात मोडला, तो वाचला. शिवाचा फोन आला तेव्हा आईचा मोबाइल ढिगाऱ्याखाली वाजला. त्या आवाजावरूनच पुतळाबाई सापडल्या.

तेराव्याला नगरसेवक राजवर्धन यांचं शोकपत्र आलं. लाल पट्टा, तेच चिन्ह. पाकिटं उरली असावीत.

शिवा ते घेऊन पोलीस चौकीत गेला. साहेबांनी पाकीट उलटसुलट पाहिलं. "आई खांबामुळे गेली ना? मग पाकिटाला कुठलं कलम लावू?"

"नसेल तर करायला लावू," शिवा म्हणाला.

जीव वाचवणाऱ्यांचं चिन्ह प्रचाराच्या टपालावर छापणाऱ्याला शिक्षा व्हावी, असा कायदा मागणारा अर्ज त्यानं लिहिला आणि ड्यूटीवरून परस्पर सह्या गोळा करायला निघाला. पहिलं दार बोटभर उघडलं. आतल्या बाईची नजर त्याच्या छातीवरच्या चिन्हावर गेली.

"भाऊ, दिलं की मत. आता कशाला?" दार बंद झालं.

अर्ज दाराखालून सरकवायला शिवा वाकला. तसाच थांबला. मग सरळ उभा राहिला आणि त्यानं पुन्हा कडी वाजवली.

"ताई, मत नको. मी पुतळाबायचा पोरगा. माझ्याच सांगन्यावरून ती घरात बसून राहिली."