तुडवलेला गाळ

साक्षीनं चंद्रपूरच्या कॉलेजात आजीसमोर, वच्छलाबाईसमोर, काचेच्या टाकीतल्या पाण्यात रेती, माती अन् कोळशाची भुकटी ओतली. जड ते आधी बसलं, काळं सगळ्यात वर. ते निवळल्यावर पुन्हा ओतलं, तर पहिल्या घडीवर दुसरी घडी बसली, गोधडीसारखी.

"दर पावसाळ्याची एक घडी," साक्षी म्हणाली. "आपल्या तलावात बी असतीन. पाइप ठोकून काढल्या, तं कोळसा धुणारी कंपनी आली तवापासून काळं दिसन. कंपनीवरच्या सरकारी सुनावणीत तेच दाखवाचं आहे. नाई तं तलाव बुजलाच समज."

"चिखल साक्ष देईन म्हणतं," वच्छलाबाई म्हणाली. "बरं हाय. माणसाचं तं कोणी आयकत नाई."

ढिवरवाड्यात, मासेमारांच्या त्या वस्तीत, तिला विचारल्याशिवाय जाळं पाण्यात पडत नसे. कॉलेजचे सर पाइप घेऊन येणार, अन् तिच्या घरून नुसता वरणभात खाऊन जाणार? उन्हाळ्यानं तलावात घोटाभर पाणी उरलं होतं, खाली गुडघाभर गाळ. अशा वेळी गाळ तुडवला की गढूळ पाण्यात मासा गुदमरून वर येतो, हे ढिवराच्या लेकराला शिकवावं लागत नाही. तिनं दिराला हाक मारली.

"इस्तारी, पाव्हन्याले मरळ पायजे. सारा वाडा तलावात उतरव. एक कोपरा सोडू नको."

सर पोटभर जेवले. मग तलावात उतरून पाइप ठोकला, काढला, उभा चिरला. आत सारा एकजात राखाडी गाळ. दुसरीकडे ठोकला, तरी तेच.

"कोणी ढवळलं का इथं?" सरांनी विचारलं.

साक्षी आजीकडे वळली. "आजी, काऊन तुडवलं वो?"

"तू काऊन सांगतलं नाई, चिखलाले पाय लावू नोका म्हणून? कॉलेजात तू जातं का मी?"

आजीचं तोंड चाललं, पण त्यात धार नव्हती. सर पाइप गाडीत टाकून निघून गेले.

संध्याकाळी वच्छलाबाईनं लोणच्याची काचेची बरणी रिकामी करून धुतली. त्यात तलावाचा गाळ अन् पाणी घालून खळखळ हलवली, ओसरीवर ठेवली. कोणाला हात लावू दिला नाही.

सकाळी पाणी निवळलं होतं. तळाशी रेती, मध्ये माती, वर काळी साय. एकच घडी.

"इतक्या सालाचं हाय त्याच्यात," ती म्हणाली. "एकच काऊन बसलं?"

"एकदा मिसळलं का वापस येगळं होत नाई, आजी."

"मले समजते."

तिनं बरणी उचलली अन् पुन्हा हलवायला लागली.