न पिता ठेवलेला कहवा

मित्रांनो, मी कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, एक जुना कप आहे आणि मला कान नाही. धरायचा कान हो! ऐकू मात्र सगळं येतं, आणि तेच मला भोवलं.

सौदी अरेबियात समुद्रकाठी कतीफ नावाचं शहर आहे. तिथल्या एका बड्या शेखांच्या बैठकीत मी पाहुण्यांच्या सेवेला असतो. तुम्ही म्हणाल, अरबाच्या घरचा कप मराठी कसा बोलतो? अहो, इतकी वर्षं मला धुतो-पुसतो तो आमचा इसहाक, कोकणातल्या दाभोळचा. हा गृहस्थ भांडी विसळताना अखंड बडबडत असतो. गावाकडे बायकोला, रुकय्याला, फोन लावून ठेवतो ते वेगळंच. त्याचं ऐकून ऐकून मी शिकलो.

माझा जन्म भट्टीतला. आधी पांढऱ्या मातीचा लगदा, मग साचा, मग आग, आणि शेवटी काठाला सोनेरी रेघ. थोरल्या शेखांनी, म्हणजे आताच्या शेखांच्या वडिलांनी, मला बाजारातून आणलं तेव्हा पेटीत माझी भावंडंही होती. ती एकेक करून फुटली. मी टिकलो, आणि त्याचा मला फार तोरा होता.

तोरा असायला कारणही होतं. इथल्या लोकांची एक रीत आहे. पाहुण्याला काही मोठं मागायचं असेल तर तो तोंड उघडत नाही. कहवा हातात घेतो आणि न पिता कप समोर ठेवून देतो. यजमानाने ते ओळखायचं आणि विचारायचं, "काय हवंय?" मागणं मान्य असेल तर म्हणायचं, "पी, तुझं काम झालं." न विचारणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. एकदा एका कोळ्याने मला असाच ठेवला होता. त्याच्या मुलाच्या गाडीखाली येऊन थोरल्या शेखांचा पुतण्या जन्माचा लंगडा झाला होता. बिचारा कोळी मान खाली घालून बसला. थोरल्या शेखांनी काय हवंय ते विचारलं. मग म्हणाले, "पी बाबा. पोराला माफ केलं." कोळी ढसाढसा रडत प्यायला. त्या दिवशी मला वाटलं, माझ्यासारखा भाग्यवान कप दुसरा नसेल.

आता माझं तोंड काळं झालं ती गोष्ट सांगतो.

गेल्या हिवाळ्यातली आहे. दोन शेजारी देश. नावं कशाला घेऊ? एक मोठा आणि एक चिमुकला. चिमुकला स्वतंत्र होता, पण कागदावर. झेंडा होता, टपालाची तिकिटं होती, परराष्ट्रमंत्री होते. मोठ्या देशाचं पलीकडच्या तिसऱ्याच देशाशी युद्ध पेटलं होतं, आणि त्याला आपलं सैन्य या चिमुकल्याच्या अंगणातून न्यायचं होतं. असं सैन्य एकदा आत शिरलं की परत जायचं नाव घेत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बोलणी ठरली आमच्या शेखांकडे, कारण त्यांची दोन्हीकडे ऊठबस. शिवाय मोठ्या देशाची रसद जायची ती शेखांच्या बोटींतून. शेख नुसतं "थांबा" म्हणाले असते तरी त्यांना थांबावं लागलं असतं. बैठकीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मोठ्या देशाचा दूत साखरेत घोळवून बोलायचा. "तुमचं स्वातंत्र्य आम्ही मानतो, म्हणून तर विचारायला आलोय."

"सीमेवर रणगाडे उभे करून विचारता?" चिमुकल्या देशाचे मंत्री म्हणाले. वय झालेलं, आवाज थकलेला.

"थंडी फार आहे हो," दूत हसला. "आमच्या पोरांना उघड्यावर किती दिवस ठेवणार?"

इसहाकने मला मंत्र्यांच्या हातात दिलं. त्यांनी शेखांकडे पाहिलं आणि मला न पिता समोरच्या मेजावर ठेवलं.

मी मनात म्हटलं, आता विचारतील, आत्ता विचारतील. शेखांची नजर माझ्यावर आली, मग दूताकडे गेली, मग गालिच्यावर खिळली. शेख म्हणाले, "इसहाक, कहवा थंड झाला. बदल."

थंड? अहो, वाफ निघत होती माझ्यातून!

इसहाकला ही रीत चांगली माहीत होती. त्याचा हात अडखळला. "यल्ला, आटप," शेख हळूच म्हणाले. इसहाकने मला रिकामं केलं, भरलं आणि पुन्हा मंत्र्यांच्या हातात दिलं. मंत्र्यांनी मला पुन्हा खाली ठेवलं. "थंड झाला," शेख पुन्हा म्हणाले, या वेळी माझ्याकडे न बघताच. तिसऱ्यांदा मी मंत्र्यांच्या हातात आलो. त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. ते प्यायले.

दूताने लगेच फोटोवाल्याला आत बोलावलं.

त्या दुपारी मला धुताना इसहाक एक शब्द बोलेना. फोनवर रुकय्याच म्हणाली, "काय झालं हो? गप्प का?"

"माझ्या हातून पाप झालं गो." त्याने सगळं सांगितलं.

"मग नाही म्हणायचं होतं ना!"

"आणि इकामा, इथे राहायचा परवाना? शेख कफील आहेत माझे, त्यांच्याच जामिनावर मी इथे. उद्या खलास म्हणाले तर आपल्या पोरीचं, लाइबाचं कॉलेज कुठून करू?"

रुकय्या मग म्हणाली, "त्या मंत्र्यालाही घरी पोरंबाळं असतील हो."

मित्रांनो, इसहाकला निदान पोटाचं कारण होतं. माझं काय? गरम कहव्याने कप तडकतात. मी तडकायला हवं होतं, त्या तिन्ही वेळा. एक चीर पडली असती तर सगळ्यांचं लक्ष गेलं असतं. मी आपला साबूत राहिलो.

पुढे व्हायचं तेच झालं. सैन्य आत शिरलं, तेही म्हणे चिमुकल्या देशाच्याच विनंतीवरून. आणि मला मिळालं काचेचं कपाट, वर दिवा. येणारे-जाणारे वाकून बघायचे, "याच कपाने मैत्री जुळवली!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेख त्या कपाटासमोरून जाताना मान फिरवायचे.

मागच्या महिन्यात मंत्री पुन्हा आले. आता ते मंत्री नव्हते, आणि त्यांना परत जायला घरही नव्हतं. हातात एक पिशवी. "मदिनेला निघालोय," म्हणाले, "वाटेत सलाम करावा म्हटलं."

इसहाकने कोणाला न विचारता कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं. शेखांनी पाहिलं, पण अडवलं नाही. त्यांनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली आणि पुढे सरकून बसले. आज ते काहीही द्यायला तयार होते, घर म्हणा, बोटी म्हणा. मीही जीव मुठीत धरून होतो. ठेवा हो मंत्रीसाहेब, ठेवा मला खाली!

"घाई नाही," शेख म्हणाले. "हवं तर ठेवा खाली."

पाहुण्याने मला ओठांना लावलं आणि एका घोटात रिकामं केलं. मग हलवून इसहाकच्या हाती दिलं. कप असा हलवला की इथे समजतात, पुरे, आणखी नको.

"छान होता," ते म्हणाले. "चांगला गरम." आणि पिशवी उचलून निघून गेले.

शेख कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिले. "इसहाक," ते म्हणाले, "त्यांनी काहीच मागितलं नाही रे."

"त्यांचं मागून झालं होतं, शेख," इसहाक म्हणाला.

मित्रांनो, मला जपून धुवा, चांगल्या जागी ठेवा, असलं काही मी मागत नाही. माझं व्हायचं ते होवो. पण तुमच्या घरी कोणी चहा समोर ठेवून नुसता बसून राहिला, तर "घ्या ना, थंड होतोय" म्हणून मोकळे होऊ नका. काय झालंय ते विचारा. त्याच वेळी विचारा.