चौथी बाजू

“चौक असा उघडा कुणी ठेवते काय?” बारकीने छापील चित्र डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, सुलटं केलं. “तीन बाजूंना पिवळी किनार आन् चौथीला कायच नाय. छापणाऱ्याचा पिवळा रंग संपला असंल.”

धाकल्याने मशीनवरचा पाय काढला. शंका त्यालाही आली होती. पण नवऱ्याच्या मनातली शंका बायकोने बोलून दाखवली की ती शंका राहत नाही, तिचा निकाल होतो.

चारोटी नाक्यावर, वडापावची गाडी आणि पंक्चरवाला यांच्यामध्ये धाकल्याचं शिवणकामाचं दुकान होतं. झेंडे त्याला नवे नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात पोटनिवडणूक झाली, तेव्हा सगळ्या पक्षांचे झेंडे त्याच्या एकाच मशीनवरून निघाले होते आणि एकमेकांचं तोंड न बघणारे कार्यकर्ते त्याच्या बाकड्यावर मांडीला मांडी लावून बसले होते. हा झेंडा मात्र निराळा होता. बर्फाचा पांढरा डोंगर, त्यामागून उगवणारा सूर्य, तांबडे आणि निळे किरण, डोंगराच्या पायथ्याशी दोन सिंह. तिबेटचा झेंडा.

काम आणि ते छापील चित्र आणलं होतं डहाणूच्या वासुदेव सरांनी. सर निवृत्त शिक्षक. दहा डिसेंबरला डहाणू रोडच्या तिबेटी स्वेटरवाल्यांसोबत ते दर वर्षी छोटा कार्यक्रम करत. त्या तारखेला तिबेटींच्या गुरूंना शांततेचं नोबेल मिळालं होतं. “चीननं त्यांचा देश ताब्यात घेतला, धाकलू,” सरांनी समजावलं होतं. “त्यांचं राज्य त्यांना परत द्या, म्हणून जगात ठिकठिकाणी लोक उभे राहतात. आपणही राहायचं.”

“आपून चारोटीतून सांगून चीनवाला आयकंल काय?” बारकीने विचारलं होतं.

“आज नाही ऐकणार,” सर म्हणाले होते, “पण आपण गप्प बसलो तर त्याला वाटेल, कुणाला काही पडलेलंच नाही.”

धाकल्याला एवढं सांगायचीही गरज नव्हती. स्वेटरवाल्या पासांगबाईला तो कैक वर्षं ओळखत होता. दर हिवाळ्यात ती म्हाताऱ्या बापाला घेऊन यायची, स्टेशनाजवळ ताडपत्री ठोकायची, आणि उसवलेले स्वेटर, अडकलेल्या चेनी धाकल्याकडे पाठवायची. त्या नोव्हेंबरात तलासरीकडची जमीन हादरायला लागली. धाकल्याचा पाडा त्याच पट्ट्यात. जमिनीतून धडाम आवाज यायचा, भांडी वाजायची, भिंतीला चीर जायची. सगळा पाडा अंगणात झोपायला लागला. पासांगबाईच्या कानावर गेलं, तशी ती टेम्पोत बसून पाड्यावर आली आणि दुकानातली जाड ब्लँकेटं घरोघर वाटून गेली. धाकल्या संकोचला, तर म्हणाली, “आपलं घर समोर आहे आणि आत जाता येत नाही, हे काय असतं ते आम्हाला माहीत आहे, धाकलूभाऊ.”

ते वाक्य धाकल्याच्या मनातून गेलं नव्हतं. म्हणून हा झेंडा त्याला नुसता शिवायचा नव्हता. असा शिवायचा होता की पासांगबाईच्या बापाने म्हणावं, वा. म्हातारा तरुणपणी डोंगर ओलांडून आला होता, परत गेला नव्हता. आता त्याचे गुडघे गेले होते, डोळेही जवळजवळ गेले होते. पुढच्या हिवाळ्यात त्याला आणणार नाही, असं पासांगबाईने सांगून टाकलं होतं.

सिंह बारकीने रंगवले. आजूबाजूच्या पाड्यांवर लग्न निघालं की भिंतीवर देवीचा चौक, चारी बाजूंनी किनारीची चौकट, लिहायला तिलाच बोलावणं येई. “वाघ असता तर डोळे मिटून काढला असता,” ती कुरकुरली. “सिंह कुणी बघितलाय?” सिंह जरा आपल्या कुत्र्यांच्या वळणावर गेले, पण ऐटदार झाले.

राहिली ती चौथी बाजू.

“देवीच्या चौकाला एक बाजू मोकळी ठेवली तर बाहेरचं आत शिरते,” बारकी म्हणाली. “ह्यांच्या मुलखात परका शिरलाच हाय ना? मंग? बंद कर ती बाजू.”

धाकल्याला ते पटलं. शिवाय कापडाची मोकळी कड बघून कुठल्या शिंप्याचे हात शिवशिवत नाहीत? धाकल्याने पिवळी पट्टी कापली आणि चौथ्या बाजूला दुहेरी टीप मारून पक्की बसवली. झेंडा घडी करून ठेवताना दोघांनाही फार बरं वाटलं.

दहा डिसेंबरला सकाळी स्वेटरची दुकानं बंद होती. ताडपत्र्यांसमोरच्या मोकळ्या जागेत बांबू रोवला होता. स्वेटरवाली कुटुंबं लांब झगे घालून आली होती, सरांनी ओळखीची माणसं जमवली होती, रिक्षावालेही रिक्षा लावून उभे होते. पासांगबाईने झेंडा उलगडला आणि तिचा हात तोंडावर गेला. सिंह बघून हसली, मग डोळे पुसले. “बाबांना दाखवते,” म्हणाली.

म्हातारा खुर्चीत बसला होता. त्याने झेंडा मांडीवर घेतला आणि बोटांनी कडेकडेने बघायला सुरुवात केली. खालची किनार. काठीकडची. वरची. प्रत्येक वेळी मान डोलवत होता. मग बोटं चौथ्या बाजूला आली आणि थांबली. मागे गेली, परत आली. त्याने हलक्या आवाजात लेकीला काहीतरी विचारलं.

पासांगबाईचा चेहरा उतरला.

“काय झाला?” धाकल्याने विचारलं.

“काही नाही, भाऊ. खूप छान झालाय.”

“पासांगबाई, खरा सांग.”

तिने जमिनीकडे बघत सांगितलं. “ही बाजू आम्ही बंद नाही करत. तीन बाजूंची पिवळी किनार म्हणजे आमचा धर्म. चौथी उघडी असते. दुसऱ्यांचे विचार आत यायला. तुमच्यासारखी माणसं यायला.”

अशा वेळी माणसाला वाटतं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. धरणी गेला महिनाभर त्याच बेतात होती, पण नेमकी आज गप्प. एवढ्या मायेने केलेलं काम, आणि त्यात नेमकी आपल्यासारख्यांसाठी ठेवलेली वाट आपणच दुहेरी टीप मारून बंद केली, हे त्याच्या जिवाला लागलं.

“राहू दे रे,” सर म्हणाले. “वर चढल्यावर कुणाला कळतंय?”

“बाबांना कळला ना,” धाकल्या म्हणाला आणि खाली बसला.

खिशातून ब्लेड काढून त्याने टीप उसवायला घेतली. बारकीने समोर बसून कापड ताणून धरलं. “माझ्यामुळं झाला,” ती पासांगबाईला म्हणाली. “पन मंग बाजू उघडी ठेवली आन् परका शिरला तर?”

“तो इथून नाही शिरला, भाभी. तो बंदूक घेऊन आला. त्याला दार लागत नाही.”

बारकी म्हणाली, “खरा हाय,” आणि कापड आणखी घट्ट धरलं.

पिवळी पट्टी निघाली, पण आत कापडाची कड कच्ची होती. समुद्रावरचा वारा सुटला होता. संध्याकाळपर्यंत धागे सुटले असते. धाकल्याने पिशवीतून रिळं काढली. कड बारीक दुमडली आणि हातशिलाई सुरू केली. तांबड्या किरणावर तांबडा धागा, निळ्यावर निळा. चहा येऊन निवला. कुणी घाई केली नाही.

झेंडा परत म्हाताऱ्याच्या मांडीवर गेला. त्याची बोटं चौथ्या बाजूवरून सरकली. किनार नव्हती. सुटलेला धागाही नव्हता. तो दात नसलेलं तोंड उघडून हसला आणि धाकल्याच्या गालावर थापटी मारली. धाकल्याचा जीव भांड्यात पडला. त्याला एकदम भूक लागली, इतकं हलकं वाटलं.

झेंडा वर गेला. सगळे तिबेटी ताठ उभे राहून गायला लागले. शब्द कळत नव्हते, तरी बारकीने पदर सावरला आणि तीही ताठ उभी राहिली. म्हाताराही धाकल्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठला होता. तोंड वर करून काहीतरी विचारत होता, पण पासांगबाई डोळे मिटून गात होती.

वर झेंडा कसा दिसतोय हेच तो विचारतोय, ते धाकल्याला भाषेवाचून कळलं. त्याने म्हाताऱ्याचा सुरकुतलेला तळहात आपल्या हातात घेतला आणि त्यावर बोटाने झेंडा काढला. खालची बाजू. काठीकडची. वरची. मग बोट उचललं.

म्हाताऱ्याने मान डोलवली. गाणं संपेपर्यंत त्याने तो तळहात तसाच उघडा धरून ठेवला.