सुईला उत्तर

कुरुंद्याच्या द्वारकाबाईच्या हातांवर गोल लाल चट्टे उठले, तेव्हा तिची पारू अंगावर पीत होती. चट्ट्याची कड उंच, मधली कातडी साफ. खाज नाही, आग नाही. गावानं मनातल्या मनात निकाल देऊन टाकला: महारोग. सासरे उकंडराव मात्र न्यायाचे. म्हणाले, "डाक्टरला दावल्याबिगर आमी सुनेला भायेर काढत न्हाई."

तालुक्याहून डॉक्टर आले. महारोगाच्या चट्ट्याला सुई टोचली तर कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुनेला विचारायचं कसं, एवढंच ठाऊक नव्हतं. कारण सून सासऱ्यासमोर बोलत नसे, परक्या पुरुषासमोर तर नाहीच. दाराआडून फक्त हात बाहेर आला. डॉक्टरांनी सुई टोचून उकंडरावांना विचारलं, "तकलीफ होती है?" उकंडरावांनी दाराआड बायकोला, मनकर्णाबाईंना विचारलं, त्यांनी सुनेला. प्रश्न बरोबर पोचला. उत्तर परत निघालंच नाही. हातही हलला नाही. तेवढं वळण माहेरानं लावलेलं होतं.

"न्हाई होत," उकंडरावांनी सांगितलं.

पारूला घरी ठेवून द्वारकाबाई हळदीच्या शेतातल्या खोपीत राहायला गेली. भाकरी बांधावर ठेवली जाई, ती नेमानं. घर खानदानी होतं. तिचा नवरा संतराम वर्षभर दुःखी राहिला. मग लेकराचे हाल नकोत म्हणून त्यानं आशाबाईशी लग्न केलं.

पुढच्या उन्हाळ्यात लस टोचायला गावात आलेल्या डॉक्टरीणबाई पाण्यासाठी खोपीशी थांबल्या.

"माज्या हातचं चालत न्हाई बाई."

"का?"

तिनं हात पुढं केले. बाईंनी कोपराची शीर चाचपली, चट्टे निरखले, सुई काढली.

"आई गं! जीव घेता का?"

"दुखलं?" बाई चक्क हसल्या. "मग तेव्हा नव्हतं दुखलं?"

"दुखलं की. पर मामंजी बसले व्हते ना."

बाईंचं हसू गेलं. हा महारोग नाही, म्हणाल्या. क्वचित कुणाला होणारा कातडीचा दाह. कुणाला लागत नाही, बहुधा औषधही लागत नाही, वर्षा-दोन वर्षांत आपला आपण जातो. द्वारकाबाईनं हात उजेडात धरले. चट्टे निम्मे गेलेच होते. तिला आधी पारू आठवली.

बाई स्वतः तिला घेऊन घरी आल्या आणि उकंडरावांना सगळं समजावून सांगितलं. उकंडरावांनी न्यायानं मान्य केलं. "ये घरी, पोरी. घर तुजंच हाय."

ओसरीवर पारू आशाबाईच्या मांडीत बसून दूधभाकर खात होती. द्वारकाबाई पुढं झाली, तशी ती आशाबाईच्या पदरात शिरली.

"आई, ही बाई कोन?"

आशाबाईनं मान खाली घातली. संतराम बैलाकडं बघत राहिला. द्वारकाबाईनं पुढं केलेला हात पदराखाली घेतला आणि पदर डोळ्यांवर ओढला.

"बघा डाक्टरीणबाई," उकंडराव अभिमानानं म्हणाले, "लई सोसलं आमच्या सुनेनं. पर अजून तोंडातून सबूद न्हाई."