शेवटून दुसरी दाढ

दंतवैद्य बाईंनी आरशाच्या दांड्याने दाढेवर टकटक केलं.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"तिथेच होती कळ," उघड्या तोंडाने तो कसाबसा म्हणाला. "तुमचा जिना चढेपर्यंत होती."

बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. कीड नाही, सूज नाही, मुळं शाबूत.

"काढूनच टाका एकदाची," तो म्हणाला.

"चांगली दाढ मी काढत नसते. घरी काही विशेष?"

"बायकोला सातवा महिना लागलाय."

"पहिलंच?"

"हो."

बाईंनी हातमोजे उतरवले. "मग थांबा तीन महिने."

या उत्तराने त्याचं समाधान होणं शक्य नव्हतं. जमिनीखाली विजेची केबल तुटली की कानाला हेडफोन लावून तो रस्त्याने पावलापावलाने चालायचा. आवाज बदलला की तिथे खडूने फुली मारायचा. खणलं की हातभर खाली बिघाड सापडायचाच. खात्यात त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. दुखतंय आणि बिघाड मात्र कुठेच नाही, हे वैद्यबुवांच्या बुद्धीला पटेना.

घरी बायको पाय उशीवर ठेवून शाळेच्या वह्या तपासत बसली होती.

"काय म्हणाल्या?"

"तीन महिने थांबा म्हणाल्या."

ती इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. "म्हणजे डोहाळे लागायचे मला, आणि लागले तुला! मला तर धड एक उलटीसुद्धा झाली नाही."

"गंमत सुचतेय तुला."

"अक्कलदाढ असेल बघ. उशिरा का होईना."

त्याने आठ दिवस दाढेवर पाळत ठेवली. कामावर असताना ती चुकूनही दुखत नव्हती. बायको ओल्या फरशीवरून चालली की दुखायची. तपासणीला जाताना रिक्षात दुखायची, येताना नाही. एकदा ती बोलता बोलता मध्येच थांबली, "थांब, फिरतंय," म्हणाली, आणि तिने त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. गोधडीखाली कुणी कूस बदलावी तसं काहीतरी त्याच्या तळव्याखालून गेलं. दाढेत कळ उठली. खात्री करायला त्याने हात काढला, मग पुन्हा ठेवला.

"कुठल्या वाटेनं येत असेल हे?"

"काय?"

"तुझ्या पोटातून माझ्या दाढेपर्यंत."

"आपल्या दोघांत केबल टाकलेली नाही रे कुणी," ती म्हणाली आणि वही ओढून पुढची चूक शोधू लागली.

रविवारी सकाळी आई सुनेला सोबत करायला आली. आई इकडे म्हणजे वडील घरी एकटे, म्हणून तो त्यांच्याकडे गेला. वडिलांचं आयुष्य लेथ मशीनवर गेलेलं. कारखान्याच्या आवाजात बोलणं वाया जातं म्हणून की काय, घरीही ते मोजकंच बोलत. खिडकीशी बसून ते चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत होते. तो समोरच्या खुर्चीत गाल धरून बसला.

"दाढ?" वर न बघता त्यांनी विचारलं.

"हो. पण डॉक्टर म्हणतात, काहीच नाहीये."

"खालची. शेवटून दुसरी."

त्याचा हात गालावरून खाली आला. "तुम्हाला कसं कळलं?"

वडिलांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला, एका बोटाने स्वतःचा उजवा गाल ताणला आणि उजेडाकडे तोंड केलं. शेवटून दुसऱ्या जागी खळगा होता. मग त्यांनी डावा गाल ताणला. तिकडेही तसाच. इतकी वर्षं ज्यांच्या शेजारी बसून तो जेवला, त्यांचं तोंड त्याने आतून कधी बघितलं नव्हतं.

"दोन्ही चांगल्या होत्या. डॉक्टर नको म्हणत होता. मीच हटून बसलो." वडिलांनी तोंड पुसलं. "कारखान्यात सांगणार कुणाला? बायको गरोदर, आणि दाढ दुखते माझी. हसून हसून लोळले असते सगळे."

तो मोठ्याने हसला. गेल्या महिन्याभरात इतकं हलकं त्याला वाटलं नव्हतं.

"माझ्या वेळी दोन-दोन काढल्या? इतका छळ केला मी?"

"तुझ्या वेळची ही," उजव्या गालाला बोट लावून वडील म्हणाले. "दुखायला लागली आणि दुसऱ्या दिवशी काढून आलो. पुन्हा थांबून बघायची छाती झाली नाही."

"आणि ती?"

वडिलांनी चष्मा उचलला. काडी उघडून मिटून पाहिली.

"ती तुझ्या आधीची. दोन वर्षं आधीची."

तो एकुलता एक होता. शाळेच्या, नोकरीच्या, सगळ्या अर्जांवर त्याने तसंच लिहिलं होतं.

"मुलगी होती," वडील म्हणाले. "अकरा दिवस होती. दाढ त्याआधीच काढलेली. तरी दुखायची. वर्षभर दुखत होती. जागा रिकामी, आणि दुखायचं तिथेच."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. बादली फरशीवर टेकल्याचा आवाज आला. तो उठला, आपली खुर्ची उचलून वडिलांच्या शेजारी नेऊन ठेवली आणि बसला.

"नाव काय होतं तिचं?"

"ठेवलं नव्हतं. तेवढी उसंत कुठे मिळाली?" वडिलांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुझ्या आईनं मनात काही ठरवलं होतं का, ते मी विचारलं नाही. माझ्या मनात होतं एक."

"कुठलं?"

वडिलांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. मग ते नाव सांगितलं. अर्ध्यावर त्यांचा आवाज अडखळला, आणि ते थांबले. मुलाला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी ते पुन्हा एकदा उच्चारलं, या वेळी स्वच्छ, मोठ्याने, आतल्या खोलीतल्या कुणाला हाक मारावी तसं.